पाण्याचा दिवस आणि बारा तासांची ड्युटी

३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची मर्यादा दिवसाला नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. ओव्हरटाइमची मर्यादा तीन महिन्यांत ११५ तास होती, ती १४४ होणार. पाच तासांनंतर मिळणारी विश्रांती सहा तासांनंतर. आणि हे सगळं कामगाराच्या लेखी संमतीनं.

वाळूजमध्ये वीसेक वर्षं शॉपफ्लोअरवर काढल्यावर 'लेखी संमती' हे शब्द वाचून हसू येतं. ठेकेदाराकडं लागलेला पोरगा, गंगापूरकडून आलेला, रांजणगावात एका खोलीत चौघं राहणारा. त्याच्यापुढं कागद ठेवला की तो एवढंच विचारतो, "सर, सही कुठं करू?" 'नाही' म्हणायची सोय कागदावर असून भागत नाही. नाही म्हटलं तर सोमवारी गेटवर पंचिंग होईल का, हे त्याला समोरच्या साहेबाच्या चेहऱ्यावर वाचता यायला हवं. त्यामुळं हा विषय कायद्याइतकाच साहेब लोकांचाही आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडं फार कमी बोललं जातं.

तसं 'एम्पथेटिक लीडरशिप'चं ट्रेनिंग हल्ली सगळीकडं होतं. जालना रोडवरच्या एखाद्या हॉटेलात दिवसभर स्लाइडा, दुपारी पनीर, संध्याकाळी ग्रुप फोटो. कंपनीत महिन्याच्या शेवटी सगळ्यांचे वाढदिवस एकदम, एक मोठा केक. केकला माझा विरोध नाही, भरपूर खाल्लेत. फक्त थर्ड शिफ्टच्या वाट्याला येईपर्यंत तो सुकलेला असतो, हे कापणाऱ्यांना माहीत नसतं.

माझ्या पाहण्यातल्या एका साहेबाचं सांगतो. नाव सांगणार नाही, त्यांना आवडणार नाही. छोटी व्हेंडर कंपनी, मशीन शॉप, साठ-सत्तर माणसं. हे नवीन आले तेव्हा दांड्या फार व्हायच्या. आधीच्यांनी वॉर्निंग लेटरं देऊन पाहिली होती. यांनी काय केलं, तर पंधरा दिवस कँटीनमध्ये ऑपरेटर लोकांच्या टेबलावर जेवले. तिथं त्यांना कळलं की निम्म्या दांड्या पाण्याच्या आहेत.

बाहेरच्या माणसाला हे सांगून पटणार नाही, आपल्याला सांगायला नको. जायकवाडी उशाला आणि नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी. १,६८० कोटींच्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, पण घरातले ड्रम अजून हललेले नाहीत. लाइनमन रात्री दोनला व्हॉल्व्ह उघडणार की पहाटे पाचला, नक्की नसतं. घरात म्हातारी आई आणि लहान पोरं असतील तर ज्याची फर्स्ट शिफ्ट आहे त्यानं मोटार लावायची की बस पकडायची?

साहेबांनी डिपार्टमेंटच्या बोर्डावर प्रॉडक्शनच्या आकड्यांशेजारी एक रकाना आखला. मुकुंदवाडी, गारखेडा, हर्सूल, पडेगाव, भावसिंगपुरा, कुणाच्या भागात पाणी कधी. ज्याचा पाण्याचा दिवस, त्यानं आदल्या दिवशी सेकंड शिफ्टवाल्याशी अदलाबदल करायची आणि बोर्डावर लिहायचं. परवानगीचा अर्ज नाही, एचआरची सही नाही. पाणी लांबलं तर फोन करायचा. पुढं त्याच बोर्डावर पोरांनी स्वतःच बाकीचंही ठरवायला सुरुवात केली. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी मशीनवर कोण उभा राहील, नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला कोण जाईल, नाथषष्ठीला पैठणला कोण. न सांगता दांडी मारणं जवळजवळ बंद झालं.

यात दयामाया कमी आणि हिशेब जास्त होता, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. मला तो हिशेबच आवडला. माणसाचा गेटबाहेरचा दिवस माहीत करून घ्यायचा आणि तो शिफ्ट लावताना वापरायचा. नुसतं "घरी सगळं बरं ना?" विचारून पुढं जाणारे खूप भेटले.

कामातल्या आनंदाचंही तसंच. एका ऑपरेटरला एका पार्टचं रिजेक्शन खूप यायचं. साहेबांनी मीटिंगमध्ये त्याला उभं करायच्या ऐवजी मशीनवर जाऊन विचारलं, तुला काय वाटतं? त्यानं फिक्स्चरमध्ये एक साधा बदल सुचवला. तो केला, चालला, आणि मशीनवर लावायच्या कामाच्या सूचनापत्रात त्याचं नाव आलं. हा गडी नंतर क्रांती चौकात सिग्नलला थांबला की शेजारच्या मोटारसायकलकडं बोट दाखवून बायकोला सांगायचा, "हिच्यातला तो पार्ट माझ्या मशीनवरचा." अनोळखी गाडीवाला चमकून बघायचा. पगार तेवढाच होता. पण मला वाटतं, त्या माणसाला कामाचा आनंद म्हणजे काय ते आमच्या सगळ्या ट्रेनिंगवाल्यांपेक्षा जास्त कळलं होतं.

आता दुसरी बाजू. छोट्या व्हेंडरचा मालक काही खलनायक नसतो. मोठ्या कंपनीची लाइन त्याच्यामुळं थांबली तर भुर्दंड त्याला, म्हणून तो मॅनेजरवर ओरडतो, मॅनेजर सुपरवायझरवर, आणि सुपरवायझर पोरावर. मधल्या या सुपरवायझरला कधी कुणी विचारत नाही की बाबा, तू शेवटचा कधी वेळेवर घरी गेलास? खालच्यांशी नीट वागायची अपेक्षा मात्र त्याच्याकडूनच. आणि वरचे लोक आठवड्याला ७० तास, ९० तास काम करा म्हणून भाषणं देतात. नारायण मूर्ती २०२३ मध्ये बोलले, एल अँड टीचे अध्यक्ष २०२५ च्या जानेवारीत. त्यांच्या घरी पाणी रोज येत असावं.

माणूस गेटबाहेर कुठं राहतो, कसा जातो-येतो, हे न विचारल्याची किंमत या भागानं मोजलेली आहे. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातल्या घरी निघालेले, भुसावळपर्यंत तरी पोचू म्हणून चालत. रुळांवर विखुरलेल्या त्या पोळ्यांचा फोटो अजून डोळ्यापुढून जात नाही. आणि ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गेले. दोन्हीकडं माणसं झोपेत होती. एवढी माणसं रात्री कुठं झोपतात, हा प्रश्न आधी कुणाच्या तरी टेबलावर यायला हवा होता.

बिडकीनला आता टोयोटा-किर्लोस्कर येतेय. जुलै २०२४ मध्ये सुमारे २० हजार कोटींचा करार झाला. बाकीच्याही मोठ्या कंपन्या रांगेत आहेत, आणि त्यांच्यामागं व्हेंडर येतील. चांगलंच आहे, आपल्या पोरांना पुणे गाठायला नको. पण बारा तासांची ड्युटी संपवून रात्री बाहेर पडलेला पोरगा पैठण रोडवरून घरी कसा पोचणार? परप्रांतातून आलेल्याला खोली कुठं मिळणार? वाळूजमध्ये हे सगळं कारखाने उभे राहिल्यावर जसं जमेल तसं झालं. बजाजचा प्लांट १९८५ चा, आणि नगर रोडवर शिफ्ट सुटायच्या वेळची कोंडी आपण आजही भोगतोय.

सीएमआयए आणि मसिआतली बरीच मंडळी हे वाचतात, त्यांना एक विनंती. पुढचं लीडरशिपचं ट्रेनिंग हॉटेलात न ठेवता एकदा सेकंड शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर ठेवा. आणि जादा तासांच्या संमतीच्या फॉर्मवर 'नाही'चा रकाना ठेवलाय का, ते बघा. ठेवला असेल तर महिन्याभरात त्यावर किती जणांनी खूण केली आणि त्यातले किती जण पुढच्या महिन्यात कामावर होते, हे दोन आकडे एचआरकडून मागून घ्या.