विश्लेषण : अमेरिकेतील कॅथलिक शाळांत लॅटिन आणि पाठांतर का परतले?

पहिलीतली मुले लॅटिन प्रार्थना पाठ म्हणतात, चौथीत कविता मुखोद्गत असतात आणि सातवीत तर्कशास्त्राचा तास असतो. अमेरिकेतील अनेक कॅथलिक शाळांनी गेल्या दीड-दोन दशकांत ही ‘अभिजात’ शिक्षणपद्धती स्वीकारली आहे. जुन्याकडे परत जाण्याचा हा आग्रह कशासाठी? आणि त्यातून मुलांच्या हाती खरेच काय लागते?

अभिजात शिक्षण म्हणजे काय?

मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या आधी शिकवल्या जात. त्यानंतर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र या चार. जेझुइट पंथाने १५९९ मध्ये ‘रातिओ स्तुदिओरुम’ हा आराखडा पक्का केला, त्यातही लॅटिन आणि ग्रीक साहित्याला मध्यवर्ती स्थान होते.

आजच्या लाटेचे मूळ मात्र १९४७ सालचे आहे. इंग्रजी रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनी ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला. मुलांना विषय शिकवले जातात, पण शिकायचे कसे ते शिकवले जात नाही, अशी त्यांची तक्रार होती. लहान वयात पाठांतर आवडते, पुढे वाद घालायला आवडते, मग स्वतःचे मांडावेसे वाटते. तेव्हा तीन विद्या या तीन वयांशी जोडा, असे त्यांनी सुचवले. सेयर्स स्वतः कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन होत्या.

वर्गात नेमके काय होते?

प्राथमिक वर्गांत कविता, प्रार्थना आणि लॅटिनची रूपे पाठ करून घेतली जातात. ऐकलेली गोष्ट मूल आपल्या शब्दांत सांगते. इतिहास प्राचीन काळापासून क्रमाने शिकवला जातो. सहावी ते आठवीत वाक्यपृथक्करण, तर्कदोष ओळखणे आणि मूळ ग्रंथांतील उतारे वाचून चर्चा करणे यावर भर असतो. धर्म हा वेगळा तास नसून सगळ्या विषयांना जोडणारा धागा मानला जातो. सत्य, शिव आणि सुंदर यांची ओळख हे शिक्षणाचे ध्येय, अशी या शाळांची भूमिका आहे.

आताच ही लाट का?

एक कारण अस्तित्वाचे आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील कॅथलिक शाळांत ५० लाखांहून अधिक मुले शिकत होती. आज हा आकडा १७ लाखांच्या आसपास आहे. फुकट शिकवणाऱ्या जोगिणींची संख्या घटली, पगारी शिक्षक आले, शुल्क वाढले. शेजारच्या सरकारी शाळेसारखाच अभ्यासक्रम असेल तर पालकांनी पैसे का मोजावेत, हा प्रश्न उभा राहिला.

मेरीलँडमधील हायट्सव्हिल येथील सेंट जेरोम शाळा पटसंख्या आणि कर्जामुळे बंद पडण्याच्या बेतात होती. २०१० मध्ये तिने अभिजात अभ्यासक्रम स्वीकारला आणि ती सावरली. तिचा आराखडा इतर शाळांसाठी नमुना ठरला. त्यात राजकीय वाराही अनुकूल झाला. ॲरिझोनाने २०२२ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२३ मध्ये खासगी शाळांसाठी सरकारी निधी सर्व पालकांना खुला केला.

पुरावे काय सांगतात?

येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. लॅटिनमुळे बुद्धी एकूणच तल्लख होते, हा दावा जुना आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२४ मध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांवर तो तपासला, तेव्हा त्याला फारसा आधार मिळाला नाही. सेयर्स यांचे तीन टप्पेही प्रयोगातून आलेले नाहीत. तो एका लेखिकेचा अंदाज होता.

दुसरी बाजू भक्कम आहे. १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलवरचा उतारा दिला गेला. वाचनात कच्ची, पण खेळ माहीत असलेली मुले वाचनात पक्क्या, पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. वाचन कळायला आधीची माहिती लागते. त्यामुळे क्रमवार इतिहास आणि भरपूर साहित्य देणारा अभ्यासक्रम मुलांच्या कामी येतो, मग पाटी लॅटिनमध्ये असो वा नसो.

मग आक्षेप कोणते?

पहिला, ग्रंथयादी युरोपकेंद्री असते. दुसरा, अशा शाळा मुद्दाम निवडणारे पालक मुळातच जागरूक असतात. मुलांच्या यशात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे सांगणे कठीण. तिसरा, प्रशिक्षित शिक्षकांविना पाठांतराची घोकंपट्टी व्हायला वेळ लागत नाही.

हा तिसरा आक्षेप मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. पाढे पाठ असणारे मूल हिशेब झटपट करते, आणि त्याच वर्गात अर्थ न कळता उत्तरे घोकणारे मूलही असते. दहावीला संस्कृत बहुधा गुणांसाठी घेतले जाते आणि निकालानंतर विसरले जाते. पाठांतर वाईट नाही, ते अर्ध्यावर सोडणे वाईट. चौथीत पाठ केलेल्या ओळीवर सातवीत प्रश्न विचारता आला, तरच ती मुलाची होते.

अमेरिकेतील या शाळांची खरी कसोटी तीच आहे. संकटातल्या शाळेला नवी पाटी वर्षभर तारू शकते. त्यापुढे तिला तारतो तो वर्गात ‘का?’ विचारू देणारा शिक्षक.