नुसत्या रुळांनी तालुका सुधारत नाही

तेल्हारा तालुक्यात रेल्वेचा विषय निघाला की दोन तट पडतात आणि माझ्या मते दोघांचेही चुकते. एक म्हणतो, एकदा गाडी सुरू होऊ द्या, मग पाहा तालुका कसा पालटतो. दुसरा म्हणतो, आता घरोघरी दुचाकी झाली, चौकाचौकात काळीपिवळी उभी आहे, रेल्वेत बसतो कोण? पहिला नवस बोलल्यासारखा बोलतो. दुसरा स्वतःच्या गाडीच्या काचेतून तालुका पाहतो. या दोघांखेरीज एक तिसराही आहे. तो बहुधा तालुक्याबाहेरचा असतो. नकाशावर पट्टी ठेवून तो सांगतो, अकोट-खंडवा जुना मार्ग होताच ना, त्यावरच मोठे रूळ टाका आणि मोकळे व्हा. आधी या तिसऱ्याचे ऐकू.

जुना मार्ग म्हणजे मीटरगेज. अकोला सोडले की पाटसूल, अकोट, अडगाव बुद्रुक, हिवरखेड. मग सातपुडा चढत वान रोड, धूळघाट, डाबका, तुकईथड आणि पुढे खंडवा. धूळघाटला चढण काढण्यासाठी रूळ स्वतःच्याच डोक्यावरून वळसा घेत. लोक त्याला चारचा आकडा म्हणत, आणि तो पाहण्यासाठी म्हणून गाडीत बसणारी माणसे होती. मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून दक्षिणेतून राजस्थानकडे जायची. आमच्या तालुक्याचा हिंदुस्थानच्या नकाशाशी जो काही थेट संबंध होता तो अडगाव आणि हिवरखेड या दोन फलाटांपुरता. २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी गाडी बंद झाली.

आता जुन्याच मार्गाने न्या म्हणणाऱ्यांचा मुद्दा हा की तो सरळ आहे, जमीन रेल्वेच्या ताब्यात आहे, खर्च कमी. यातली जमीन आणि लांबी खरी. पण सुमारे ३९ किलोमीटर रूळ मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातात. देशात सर्वांत आधी जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांपैकी हा एक. मीटरगेजची गाडी घाटात रांगत जायची आणि दिवसाकाठी मोजक्याच फेऱ्या व्हायच्या. ब्रॉडगेज टाकायचे ते रांगण्यासाठी नव्हे. चढ सौम्य करायला डोंगर कापावे लागतील, बोगदे लागतील, आणि एकदा उत्तर-दक्षिण मार्ग खुला झाला की रात्री-अपरात्री लांबलचक मालगाड्या धावतील. त्या धावाव्यात म्हणून तर हा खटाटोप. तेव्हा ‘पूर्वी गाडी होतीच की’ हा युक्तिवाद फसवा आहे. पूर्वी होती ती गाडी वेगळी.

२०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून हा मार्ग जंगलाबाहेरून नेण्याची मागणी केली. पर्याय पुढे आला तो हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनार असा सातपुड्याच्या पायथ्याने तुकईथडला मिळणारा. अंतर सुमारे ३० किलोमीटरने वाढते. पण जंगलातल्या फलाटांवर चढणारे प्रवासी किती आणि पायथ्याच्या या गावांत राहणारे लोक किती, हे कोणी शेंबडे पोरही सांगेल. हा वळसा वाघांच्या सोयीचा आहेच, आमच्याही सोयीचा आहे.

इथे एक हरकत मात्र खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. धूळघाट परिसरातल्या कोरकू पाड्यांना बाजाराला, दवाखान्याला नेणारी तीच एक गाडी होती. तिकडची माणसे वाघापायी गाडीला मुकली, आणि वाघ वाचवा म्हणणाऱ्या शहरी मंडळींनी त्या बदल्यात काय मागितले? वळशाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने त्या पाड्यांसाठी बारमाही एसटीची मागणीही त्याच दमात केली पाहिजे.

आता ‘रेल्वेत बसतो कोण’ म्हणणारे. त्यांना ऑक्टोबर २०२२ ची आठवण करून द्यायला हवी. अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामजवळ पूर्णेवरचा इंग्रजी अमदानीतला पूल तडकला आणि वाहतुकीला बंद झाला. एका रात्रीत अकोट जिल्ह्याच्या ठिकाणापासून तुटले. अकोल्याला रोज ये-जा करणारे नोकरदार, सरकारी रुग्णालयात जाणारे रुग्ण, कॉलेजची पोरे, सगळे दूरच्या वाटेने फिरून जाऊ लागले. वेळ वाढला, भाडे वाढले. आणि गंमत अशी की त्याच पूर्णेवरचा रेल्वेचा पूल शाबूत होता, अकोल्यापासून अकोटपर्यंतचे ब्रॉडगेज रूळ तयार होते, फक्त गाडी नव्हती. लोकांनी ओरड केली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस गाडी सुरू झाली. अकोला, उगवा, गांधीस्मारक रोड, पाटसूल, अकोट, ४४ किलोमीटर. तिकीट एसटीच्या निम्म्याहूनही कमी. पूल तडकला नसता तर ती गाडी आणखी किती महिने यार्डात धूळ खात राहिली असती कोण जाणे.

यातून मी काढतो तो निष्कर्ष साधा आहे. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन पावसाळ्यांत लाटा घेऊ लागतो. या भागात रस्ता म्हणजे कायम सुरू असलेले काम. खोदून ठेवलेल्या रस्त्याच्या धुळीने कपाशी पांढरी होण्याआधीच राखाडी झालेली आम्ही पाहिली आहे. अशा मुलखात वाहतुकीची एकच तऱ्हा ठेवणे म्हणजे एकाच पुलावर सगळा जिल्हा टांगणे. शिवाय दुचाकी घरोघरी असेल, ती घरातल्या प्रत्येकासाठी नसते. ती नेतो कर्ता पुरुष. अकोल्याला बी.एस्सी.ला जाणारी मुलगी, डायलिसिसला जाणारी म्हातारी, मजुरीला जाणारा माणूस यांच्या वाट्याला उरते ती काळीपिवळीच्या मागच्या फळीवरची अर्धी जागा. रेल्वेत बसतो कोण, याचे उत्तर त्या फळीवर आहे.

उरला पहिला तट, म्हणजे माझ्याच बाजूचे लोक. त्यांचे खंडन करणे जास्त गरजेचे, कारण उद्या गाडी आली की पेढे वाटून घरी जाणार ते हेच.

रेल्वे आली की विकास आपोआप येतो, असे असते तर हिवरखेड आज कुठच्या कुठे असायला हवे होते. पन्नासहून अधिक वर्षे तिथे गाडी थांबली. तरी तालुक्याची बाजारपेठ, तहसील, एसटीचे आगार सगळे पंधराएक किलोमीटरवरच्या तेल्हाऱ्यात, जिथे रूळ कधी आलेच नाहीत. कारण शोधायला फार लांब जायला नको. मीटरगेजवर चढवलेला माल अकोल्याला उतरवून मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीत पुन्हा चढवावा लागे. एवढी हमाली देण्यापेक्षा कापसाचा ट्रक सरळ अकोल्याच्या जिनिंगला गेलेला बरा. फलाट होता, पण बाजार फलाटाशी जोडलेला नव्हता.

याच्या उलट खामगाव पाहा. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला तो केवळ कापसासाठी. थोडेथोडके किलोमीटरच, पण उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, आणि त्याच भेटीत त्यांनी तिथला कापूस बाजारही खुला केला. इंग्रजाला वऱ्हाडाचे कल्याण करायचे नव्हते, मँचेस्टरच्या गिरण्या चालवायच्या होत्या. पण रूळ आणि बाजार एकाच हाताने आणि एकाच वेळी मांडायचे असतात, एवढे त्याला कळत होते. आपल्याला स्वराज्यात ते कळायला अडचण नसावी.

हे केवळ वऱ्हाडाचे नाही. अमेरिकेत मध्यम आकाराची दोन शहरे आहेत. बफेलोने १९८४-८५ मध्ये दहाएक किलोमीटरची मेट्रो सुरू केली. ती उपनगरातल्या विद्यापीठापर्यंत न्यायचे ठरले होते. पैसा पुरला नाही, गाडी अर्ध्यात थांबली. मुख्य रस्ता मोटारींना बंद केला, दुकाने उठत गेली, आणि पुढे त्याच रस्त्यावर मोटारी परत आणाव्या लागल्या. दुसरे शार्लट, आपल्यासारखेच कापसाच्या पट्ट्यातले, सुताच्या गिरण्यांचे. तिथल्या लोकांनी १९९८ मध्ये विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ मतदानाने मान्य केली, गाडीसाठी. नोव्हेंबर २००७ मध्ये तो कर रद्द करण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला आला, लोकांनी मोठ्या फरकाने फेटाळला, आणि त्याच महिन्यात गाडी धावली. शहराने स्थानकांभोवतीच्या जमिनीचे बांधकाम-नियम बदलले होते: दाट वस्ती, पायी चालण्याजोगे रस्ते, खाली दुकाने. ओस पडलेल्या गिरण्यांच्या साउथ एंड भागात माणसे राहायला आली. त्याचबरोबर घरभाडी अशी चढली की जुन्या गरीब रहिवाशांना तिथे टिकणे अवघड झाले. गाडी दोन्ही शहरांत तशीच, विजेवर चालणारी. फरक पडला तो गाडीच्या दारापुढच्या जमिनीत. अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. शार्लटचे यशही अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे आपल्याला आधीच सावध करण्याजोगे आहे.

कारण जमिनीचा खेळ इथेही खेळला जाणार. मार्गाचा नुसता सुगावा लागला की शेताच्या धुऱ्यावर चुन्याच्या रेघा दिसू लागतात. मधोमध मुरमाचा एक पट्टा, कोपऱ्यावर चार दगड, आणि लोखंडी फलकावर ‘नियोजित रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटे’. नालीचा पत्ता नाही, पाण्याची पाइपलाइन नाही. ज्या शेतकऱ्याने सातबारा दिला त्याला एकरी भावाने पैसे मिळाले, आणि दलालाने तीच माती चौरस फुटावर विकली. दहा वर्षांनी त्या प्लॉटांवर टिनाची घरे उभी राहतील, पावसाळ्यात गुडघाभर चिखल असेल, आणि नगरपरिषद म्हणेल हा भाग आमच्या आराखड्यात नाही. तालुक्याला रेल्वेने जर हेच द्यायचे असेल तर आणखी थोडी वर्षे वाट पाहिलेली परवडली.

मग हवे काय? ‘मार्ग तेल्हाऱ्यातूनच न्या’ ही काहींची हौस मी बाजूला ठेवतो. पायथ्याने जाणारी वाट दक्षिणेला ओढून तेल्हाऱ्यात आणली तर पायथ्याची गावे तुटतील आणि वळशाला आणखी वळसा पडेल. गाडी हिवरखेडला येऊ द्या. पण तेल्हारा आगाराची बस गाडीच्या वेळेवर स्थानकाच्या दारात उभी राहिली पाहिजे, गाडी गेल्यावर अर्ध्या तासाने नव्हे. सकाळची गाडी कचेऱ्या आणि कॉलेज उघडण्याआधी अकोल्यात पोचली पाहिजे, संध्याकाळची ते सुटल्यावर निघाली पाहिजे. ही एवढी साधी गोष्ट वेळापत्रक करणाऱ्याला तालुक्यातून कोणी लेखी कळवली आहे का? आम्ही निवेदन देतो ते ‘रेल्वे सुरू करा’ एवढेच. फोटो निघतो, वर्तमानपत्रात येतो, विषय संपतो.

दुसरे, मालधक्का. अकोट-तेल्हारा पट्ट्यात बारी समाजाने जपलेली पानपिंपळी होते. देशात मोजक्याच ठिकाणी होणारे हे औषधी पीक, आणि त्याचा भाव ठरतो दूरच्या व्यापाऱ्याच्या तोंडी. वान प्रकल्पाच्या पाण्यावर पायथ्याला केळी आणि संत्री आहेत. कापूस तर आहेच. आता गेज एकच असल्याने अकोल्याची ती जुनी हमाली उरणार नाही. स्थानकाशेजारी गोदाम, वजनकाटा आणि बाजार समितीचे उपआवार यांना जागा आत्ताच राखून ठेवली तर हा माल खंडव्यामार्गे उत्तरेच्या बाजारांकडे थेट निघू शकेल. न राखल्यास त्या जागेवर मंगल कार्यालय होईल. मंगल कार्यालयांना माझा विरोध नाही, फक्त तालुक्यात त्यांची टंचाई नाही.

तिसरे आणि सगळ्यांत महत्त्वाचे, आराखडा. हिवरखेड आता नगरपरिषद झाले आहे. ग्रामपंचायतीच्या काळात ‘आमच्या हातात काय’ म्हणण्याची सोय होती, ती संपली. स्थानकाभोवतीचा रस्ता किती रुंद, नाली कुठून, भाजीबाजार कुठे, रिक्षा-काळीपिवळीचा थांबा कुठे, मजुराला परवडेल असे छोटे घर कुठे, हे सगळे नकाशावर आधी उमटले पाहिजे. चुन्याच्या रेघा नंतर. ज्यांची शेते रुळांखाली जातील त्यांना मोबदल्याबरोबर स्थानकाच्या आवारातल्या गाळ्यांत पहिला हक्क द्यावा. ज्याची जमीन गेली त्यानेच त्या जमिनीवर हमाली करावी, हा प्रकार धरणांच्या वेळी पुरेसा पाहून झाला आहे.

हे नगरपरिषद आपणहून करील, अशी माझी समजूत नाही. पण १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की कोणाही नागरिकाला ३० दिवसांत लेखी हरकत आणि सूचना देता येते, आणि तिची सुनावणी घ्यावी लागते. हे ३० दिवस दलालांना पाठ असतात. आपल्याला ते संपल्यावर कळतात. हिवरखेडकरांनो, सोनाळा-जामोदकरांनो, आणि आपल्या दारात गाडी येणार नाही म्हणून रुसलेल्या तेल्हारेकरांनो, मोर्चा काढायचा तेव्हा काढा. आराखड्याची नोटीस लागेल त्या दिवशी मात्र सातबारा आणि नकाशा घेऊन नगरपरिषदेत जा, हरकत लिहून द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.