सुरुवात नेमकी कोठून?

माणसाच्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात डीएनएच्या सुमारे २५ कोटी जोड्या असतात. नक्कल करणारे यंत्र सेकंदाला जेमतेम ५० जोड्या पुढे सरकते. मध्यावरच्या एकाच जागेतून ते दोन्ही बाजूंना निघाले, तर महिना लागेल! पेशी मात्र सुमारे आठ तासांत काम उरकते. म्हणजे आरंभस्थाने अनेक हवीत. १९६८ साली ह्यूबरमन व रिग्ज यांनी हॅमस्टरच्या पेशींना किरणोत्सारी थायमिडिन देऊन ती दाखवलीच. पण यीस्टप्रमाणे सस्तन प्राण्यांत त्यांचा ठरावीक अक्षरक्रम नसतो. पेशीगणिक निवड बदलते. म्हणून माझे मत असे, की एका ठिपक्याची आकृती पाठ करण्याआधी गणित मांडावे. ‘कोठे?’चे उत्तर कधी बिंदू नसते, संभाव्यता असते.