नळी का चिरली?

बालमित्रांनो, शेजारच्या काकांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीत परवा पेट्रोलचा वास येऊ लागला. गाडीची टाकी मागे, इंजिन पुढे. मधली धातूची नळी इंजिनाजवळ चिरली होती! का बरं?

एक बारीक तार घ्या, पुन्हा पुन्हा वाकवा. तुटली ना? इंजिन सतत थरथरतं, तिथे नळीचंही तसंच होतं. मेकॅनिकने तेवढा तुकडा कापून पेट्रोलसाठीचाच लवचिक रबरी पाइप क्लिपांनी घट्ट बसवला. बाकी नळी धातूचीच ठेवली.

बागेतला पाइप चालणार नाही हं! तो पेट्रोलने खराब होतो. तापलेल्या इंजिनावर गळती झाली तर आग! रबरही म्हातारं होतं, म्हणून अधूनमधून तपासायचं. पेट्रोलचा वास आला, तर लगेच मोठ्यांना सांगाल ना?