पुतळ्यांची फुटपट्टी

हल्ली कोठे नवा पुतळा उभा राहिला की पहिला प्रश्न निघतो तो 'किती फूट?' हाच. शिल्प कसे साधले आहे, हे विचारण्याची गरज फारशी कोणास भासत नाही. आमच्या मते हा रसिकतेचा ऱ्हास होय. आणि शिल्पकार राम सुतार यांच्यावर त्यामुळे अन्याय झाला आहे.

धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ साली जन्मलेल्या व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या कलावंताचे नाव लोकांच्या तोंडी आहे ते नर्मदाकाठच्या वल्लभभाईंच्या १८२ मीटर उंच पुतळ्यामुळे. २०१८ साली त्याचे अनावरण झाले. रूपकल्पना सुतारांची खरी. परंतु ब्राँझचे तक्ते चीनमध्ये ओतले गेले आणि उभारणी इंजिनियरांनी केली.

याउलट त्यांची गांधीसागर धरणावरील चंबळदेवी पाहावी. उंची अवघी ४५ फूट. काँक्रीटमध्ये छिन्नीने कोरलेली. मध्यप्रदेश व राजस्थान ही तिची दोन बालके. पाण्याच्या वाटणीतून सख्य कसे उपजावे, हे तिने मातृरूपाने सांगितले. हे फुटपट्टीने मोजता येईल काय?

भव्यतेशी आमचे वैर नाही. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर ५७ फूट उंच आहे. पण हजार वर्षे माणसे नमतात ती त्याच्या मुखावरील शांतीपुढे. म्हणून पुतळे उभारू पाहणाऱ्या सरकारांस व समित्यांस आमचे सांगणे एवढेच की, आशय आधी ठरवा, उंची मागाहून. नाहीतर पुतळे वाढत जातील आणि शिल्पकला मात्र खुजी होईल.