विश्लेषण : वर्गात ‘जिफ’ लावली की मुलं खूश, पण शिकतात का?

‘गुड मॉर्निंग’ची फुलं उमलवणारी जिफ आता व्हॉट्सअ‍ॅपवरून वर्गात पोहोचली आहे. शिक्षकांच्या ग्रुपवर धडधडणारं हृदय, सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी सर्रास फॉरवर्ड होते. स्मार्ट टीव्हीवर चित्र हललं की वर्ग एकदम शांत होतो. पण लक्ष वेधलं गेलं म्हणजे समजलं, असं म्हणता येईल का?

जिफच का?

कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये हा प्रकार आणला. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग आणि आवाज अजिबात नाही. तरीही ती टिकली, कारण वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही आणि एकदा डाउनलोड केली की इंटरनेटशिवायही चालते. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, तेव्हा त्यावर बेतलेलं बरंच शैक्षणिक साहित्य बंद पडलं. जिफ मात्र सुरूच राहिली.

संशोधन काय सांगतं?

होफ्लर आणि लॉइटनर या जर्मन संशोधकांनी २००७ मध्ये २६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. हलती चित्रं सरासरीने स्थिर चित्रांपेक्षा सरस ठरली. सर्वाधिक फायदा दिसला तो हाताने करायची कृती शिकवताना. केवळ सजावटीसाठी टाकलेल्या अ‍ॅनिमेशनने तसा फायदा झाला नाही.

दुसरी बाजूही आहे. रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वीज कशी चमकते, लाटा कशा उठतात, फ्लशची टाकी आणि गाडीचे ब्रेक कसे चालतात, हे दोन प्रकारे शिकवून पाहिलं : निवेदनासह अ‍ॅनिमेशन आणि कागदावरची चित्रं व मजकूर. आठपैकी चार तुलनांत कागदवाले पुढे होते. उरलेल्या चारांत ठळक फरक नव्हता.

असं का होतं?

हलतं चित्र क्षणात पुढे सरकतं. आधीचं लक्षात ठेवायचं आणि नवं बघायचं, असा दुहेरी भार पडतो. कागदावर मूल हवं तिथे थांबतं, मागे जातं. व्हिडिओ निदान थांबवता येतो; जिफ मात्र सहसा फिरतच राहते. शिक्षक पुढचा मुद्दा सांगू लागले तरी डोळे पडद्यावरच!

मग वापरायची कुठे?

जिथे हालचाल हाच धडा आहे, तिथे. ‘अ’ गिरवताना हात कुठून कुठे जातो, हृदयाच्या झडपा कशा उघडतात, चंद्राच्या कला कशा बदलतात. कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात, हा गैरसमज फिरता चंद्र पाहून दूर व्हायला मदत होते. राजधान्यांच्या यादीशेजारी नाचणारं कार्टून मात्र फक्त लक्ष विचलित करतं.

शिक्षकांनी काय करावं?

आधी विचारा, ‘आता पुढे काय होईल?’ मग दोन-तीन फेऱ्या दाखवा, बंद करा आणि मुलांना वहीत टप्पे काढायला सांगा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी चित्रं टाळा. काही मुलांना त्यामुळे फिट येऊ शकते.

महाराष्ट्राला याचं काय?

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, २०१७ पासून ‘दीक्षा’ हे व्यासपीठ आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून क्यूआर कोडचा प्रयोग करणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. म्हणजे साधनांची वाट खुली झाली आहे. पण सगळ्या वर्गांत पडदा नाही, सगळीकडे वीज टिकत नाही. अशा ठिकाणी जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर एकेक टप्पा काढून पानं भरभर उलटली, तरी चंद्र फिरतो. शिवाय तो मुलांनी स्वतः काढलेला असतो.

त्यामुळे पुढची जिफ शाळेच्या ग्रुपवर पाठवण्याआधी एवढंच तपासा : यातली हालचाल काढून टाकली, तर धडा अडतो का? अडत नसेल, तर साधं चित्र पुरेसं आहे.