कळपाबाहेरचा शब्द

इग्रीजस. ऑफिसच्या मेलमध्ये हा शब्द दिसला की समजायचं, कोणाचं तरी काही खरं नाही. साधी चूक 'मिस्टेक' असते. ढळढळीत, लाज वाटावी अशी असली की ती 'इग्रीजस' होते.

पण या शब्दाचं खानदान बघितलं तर चक्रावायला होतं. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्या कळपातून उठून दिसणारा, म्हणजे नामवंत, तो 'एग्रेगियस'! अ‍ॅग्रिगेट, सेग्रिगेट ही त्याच कळपातली भावंडं. म्हणजे आपण एसक्यूएलमध्ये सम आणि काउंट लावतो तेव्हा मेंढ्याच गोळा करत असतो म्हणायचं :-)

गाऊसने 1827 साली वक्र पृष्ठभागांवर लॅटिनमध्ये जो प्रबंध लिहिला, त्यातल्या एका प्रमेयाला त्याने हेच विशेषण लावलं. अर्थ : असामान्य प्रमेय. मापं न बिघडवता पृथ्वीचा सपाट नकाशा काढता येत नाही, हे त्यातूनच निघतं. (पिझ्झाचा तुकडा मधून जरा दुमडून धरला की टोक लोंबत नाही, तेसुद्धा!) इटलीत औपचारिक पत्राचा मायना आजही 'एग्रेजो' असतो. तिथे आदर, इथे वॉर्निंग लेटर.

मग इंग्रजीतच माशी कुठे शिंकली? बहुधा टोमण्यात. सोळाव्या शतकात शब्द आला तेव्हा कौतुकाचा होता, पण शतक संपेपर्यंत लोक तो उपरोधाने वापरू लागले होते. मराठी माणसाला हे काय समजावून सांगायचं? "काय प्रताप केलेस?" हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. फरक इतकाच की आपला 'प्रताप' अजून प्रतापगडावर मानाने उभा आहे. इंग्रजीत मात्र टोमणा मारणाऱ्याचा सूर हवेत विरला आणि शब्दाला चिकटून राहिला तो नुसता अपमान.

म्हणूनच मेलवर, चॅटवर उपरोध करणाऱ्यांची मला धास्ती वाटते. "ग्रेट जॉब!" लिहिताना सूर तुमच्या डोक्यात असतो, समोरच्याला दिसतात फक्त अक्षरं. नुकत्याच लागलेल्या पोराने ते खरं मानून घरी आईला फोन केला तर? आणि उलट, रिव्ह्यूमध्ये कोणी त्याच्या किरकोळ चुकीला 'इग्रीजस' म्हटलं, तर त्याची रात्रीची झोप गेलीच.

नल चेक राहिला असेल तर 'नल चेक राहिलाय' एवढंच लिहा की राव! 'इग्रीजस' ठेवा राखून, प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवणाऱ्या सीनियरसाठी.